प्राथमिक शाळेतील रचना आणि तंत्रज्ञान : स्वरूप, परंपरा आणि पेडणे-डिचोलीतील शक्यता

‘तंत्रज्ञान’ हा शब्द उच्चारताच आज संगणक, मोबाईल आणि यंत्रमानव डोळ्यांसमोर येतात. शाळेत तंत्रज्ञान शिकवायचे म्हणजे संगणक कक्ष उभारायचा, ही समजूत त्यातूनच रूढ झाली आहे. शिक्षणशास्त्रात या विषयाचा अर्थ पुष्कळ व्यापक आहे. माणसाने आपली गरज भागवण्यासाठी विचारपूर्वक घडवलेली प्रत्येक वस्तू आणि ती घडवण्याची रीत म्हणजे तंत्रज्ञान. या अर्थाने सूप, विळी, पाणी उपसण्याचा रहाट, खाजन शेतीच्या बांधातील मानस आणि विमानतळाची धावपट्टी ही सारी तंत्रज्ञानाचीच रूपे ठरतात. वस्तू प्रत्यक्ष घडण्याआधी ती कशी असावी, कोणत्या साहित्याची असावी, कोणाच्या उपयोगी पडावी याचा जो विचार होतो त्याला रचना म्हणतात. शासकीय परिभाषेत त्यासाठी ‘अभिकल्प’ हा शब्द आहे. हे दोन्ही एकत्र शिकवणारा विषय म्हणजे ‘रचना आणि तंत्रज्ञान’.

गोव्यात या नावाचा स्वतंत्र विषय प्राथमिक स्तरावर नाही. पेडणे, डिचोली आणि सत्तरी या तालुक्यांतील गावोगावच्या मराठी प्राथमिक शाळांत त्याला लागणारी बरीचशी सामग्री मात्र शाळेच्या आवारातच उपलब्ध आहे. म्हणून या विषयाचे स्वरूप काय, तो आपल्याकडे कोणत्या वाटेने आला आणि लहान शाळेत तो कसा शिकवता येईल, हे समजून घेणे शिक्षक व पालक दोघांनाही उपयुक्त ठरेल.

विषयाचे स्वरूप

रचना आणि तंत्रज्ञान या विषयाचा गाभा चार क्रियांत सामावतो : गरज ओळखणे, कल्पना कागदावर मांडणे, वस्तू प्रत्यक्ष बनवणे आणि ती कसोटीला लावून सुधारणे. हस्तव्यवसायाच्या तासाला मुले शिक्षकांनी दाखवलेल्या नमुन्याबरहुकूम वस्तू करतात. तीस मुलांनी तीस सारखे आकाशकंदील केले, तर तो तास यशस्वी समजला जातो. रचनेच्या तासाला शिक्षक नमुना देत नाहीत, प्रश्न देतात. ‘वाऱ्याने विझणार नाही असा दिवा कसा करता येईल?’ या प्रश्नाला वर्गातील पाच गट पाच निराळी उत्तरे शोधतात, आणि त्यांतील दोन फसली तरी ती का फसली हे सांगता येणे हाही शिक्षणाचाच भाग मानला जातो.

विज्ञानाशीही या विषयाचे नाते जवळचे आहे. मात्र दोहोंचा प्रश्न वेगळा असतो. विज्ञान ‘असे का घडते?’ असे विचारते, तर रचना ‘हे साधण्यासाठी काय करावे?’ असे विचारते. लाकूड पाण्यावर का तरंगते, हा विज्ञानाचा प्रश्न झाला. दहा चिंचोके वाहून नेणारी होडी करवंटीची करावी की केळीच्या सोपाची, हा रचनेचा प्रश्न झाला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मूल पहिल्या प्रश्नाकडे आपसूक वळते, आणि मोजमाप करताना गणितही त्याच्या हाती लागते.

इंग्लंडमध्ये १९९० साली राष्ट्रीय अभ्यासक्रमाचा भाग म्हणून हा विषय पाच वर्षांच्या मुलांपासून सक्तीचा झाला. तेथील सध्याच्या प्राथमिक अभ्यासक्रमात रचना करणे, बनवणे, मूल्यमापन करणे आणि तांत्रिक ज्ञान असे चार भाग असून स्वयंपाक व पोषण यांचाही त्यात समावेश आहे. त्याच्याही आधी, १८६६ साली, फिनलंडने आपल्या लोकशाळांत हस्तकौशल्य हा विषय आवश्यक केला होता. हाताच्या कामाला प्राथमिक शिक्षणात स्थान देण्याची कल्पना अशा रीतीने दीडशे वर्षांहून जुनी आहे.

आपल्याकडील परंपरा

मराठी मुलखात या विचाराची मुळे बरीच खोल आहेत. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात, प्राथमिक शिक्षण केवळ वाचन-लेखनापुरते न राहता त्यात शेती व आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञान असावे, अशी मागणी केली होती. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी ‘नई तालीम’ची कल्पना मांडली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा अभ्यासक्रम तयार केला. सूतकताई, शेती, सुतारकाम यांसारखा एखादा उत्पादक व्यवसाय शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवावा आणि भाषा, गणित, समाजशास्त्र हे विषय त्या कामाच्या ओघात शिकवावेत, असे तिचे सूत्र होते. सेवाग्राम येथील आनंद निकेतन ही शाळा २००५ पासून हा विचार नव्या काळाशी जुळवून घेत पुढे नेत आहे.

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने १९६४ ते ६६ या काळात ‘कार्यानुभव’ ही संकल्पना पुढे आणली. १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने तिला ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असे रूप दिले. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या अनेक वाचकांना वेळापत्रकातील ‘कार्यानुभव’ हा तास आठवत असेल. त्या तासाला फुले करणे, खडू तयार करणे, बागकाम अशी कामे होत. पुष्कळ ठिकाणी तो तास गणिताच्या राहिलेल्या भागासाठी वापरला जाई. ज्या विषयाची परीक्षा गंभीरपणे होत नाही, त्याचा तास आधी जातो, हा अनुभव नव्या विषयाचा विचार करतानाही ध्यानात ठेवावा लागेल.

१९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रमाची स्थापना केली. ‘करत करत शिकणे’ हे तत्त्व त्यांनी माध्यमिक शाळेच्या चौकटीत बसवले. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी तयार झालेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या अभ्यासक्रमात अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य अशी चार क्षेत्रे आहेत. विद्यार्थी गावातील लोकांची खरीखुरी कामे करून देतात आणि त्यातून शिकतात. पाबळचा प्रयोग मोठ्या मुलांसाठी असला तरी त्यातील एक धडा प्राथमिक शाळेलाही लागू पडतो : कामाला खरा उपयोगकर्ता असला की मूल ते काम मनापासून करते.

टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याची चळवळ अरविंद गुप्ता यांनी देशभर नेली. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी एवढ्या साहित्यातून त्यांनी घनाकृतींपासून घरांच्या सांगाड्यांपर्यंत अनेक रचना करून दाखवल्या. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी प्रदीर्घ काळ काम केले; २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांच्या चित्रफिती मराठीतही उपलब्ध असून एखादा स्मार्टफोन असलेली शाळा त्या सहज वापरू शकते.

होमी भाभा केंद्राचे प्रयोग

रचना आणि तंत्रज्ञान या नावानेच भारतीय शाळांसाठी पद्धतशीर संशोधन झाले ते मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हे केंद्र १९७४ पासून कार्यरत आहे. केंद्रातील जयश्री रामदास यांनी तिसरी ते पाचवीसाठी लिहिलेल्या ‘स्मॉल सायन्स’ या पाठ्यपुस्तक मालिकेत निरीक्षण, चित्र काढणे आणि वस्तू बनवणे यांना महत्त्वाचे स्थान आहे. पुढे चित्रा नटराजन, सुग्रा चुनावाला, रितेश खुणयाकरी आणि स्वाती मेहरोत्रा या संशोधकांनी सहावीच्या वयोगटातील मुलांसाठी रचनेचे तीन पाठ्यघटक विकसित केले : पुस्तके वाहून नेणारी पिशवी, वजन उचलणारी पवनचक्कीची प्रतिकृती आणि बाहुल्यांचा खेळ. हे घटक शहरी इंग्रजी माध्यमाच्या, शहरी मराठी माध्यमाच्या आणि ग्रामीण आदिवासी भागातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसोबत तपासून पाहण्यात आले.

या घटकांची मांडणी शिक्षकांनी अभ्यासण्याजोगी आहे. विद्यार्थी गटांत काम करतात. प्रथम ते उपलब्ध वस्तूंचा शोध घेतात, मग कल्पनांची रेखाटने करतात, त्यांतून मोजमापांसह आराखडा तयार करतात, कामाचा क्रम ठरवतात आणि त्यानंतरच साहित्याला हात लावतात. मध्येच प्रत्येक गट आपला आराखडा इतर गटांपुढे मांडतो, प्रश्नांना उत्तरे देतो. शेवटी स्वतःच्या व दुसऱ्यांच्या वस्तूचे मूल्यमापन होते. म्हणजेच या तासाला हातांइतकेच बोलणे, ऐकणे आणि रेखाटणे यांनाही काम मिळते. भाषेचा शिक्षक ज्या कौशल्यांसाठी धडपडतो, ती येथे गरजेपोटी वापरली जातात.

गोव्यातील सद्यस्थिती

गोव्यात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘केअर्स’ या नावाने ओळखली जाणारी कोडिंग व रोबोटिक्स शिक्षणाची योजना राबवली जाते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही सहावी ते आठवी या टप्प्यावर व्यवसायांची ओळख आणि दहा दप्तराविना दिवस सुचवले आहेत. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात या टप्प्यासाठी कामाचे तीन प्रकार सांगितले आहेत : सजीवांसोबतचे काम, यंत्रे व साहित्यासोबतचे काम आणि मानवी सेवांमधील काम. या सर्व योजनांचा आरंभ सहावीपासून होतो. पहिली ते चौथीच्या मुलांसाठी परिसर अभ्यास, कला आणि खेळ यांच्या आश्रयानेच रचनेला वाट काढावी लागते.

हा चार वर्षांचा काळ दुर्लक्षिण्याजोगा नाही. हाताच्या बारीक स्नायूंवर ताबा येण्याचे, मोजण्याची व अंदाज बांधण्याची सवय लागण्याचे हेच वय. कात्री सरळ न चालवता येणारा, पट्टीने रेघ आखताना शून्यावर पट्टी न ठेवणारा विद्यार्थी सहावीत रोबोटच्या संचापुढे बसला, तर तो पुस्तिकेत दाखवलेले तुकडे जोडेल. पण आपल्या मनातील यंत्र उभे करणे त्याला अवघड जाईल.

पेडणे आणि डिचोली तालुक्यांच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पैलू आहे. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. तुये येथे इलेक्ट्रॉनिक उत्पादनाची वसाहत उभारण्याचे नियोजन आहे. डिचोलीत औद्योगिक वसाहत आहे आणि खाणींनी या तालुक्याला यंत्रांचा परिचय फार पूर्वीच करून दिला. तंत्रज्ञान या गावांच्या दारात आलेले आहे. त्याच्याकडे येथील मुलाने केवळ पाहणारा म्हणून जायचे की जाणता म्हणून, हे बऱ्याच अंशी गावच्या शाळेत ठरते. पटसंख्या घटत चाललेल्या मराठी प्राथमिक शाळांना पालकांचा विश्वास पुन्हा मिळवायचा असेल, तर ‘येथे मुले काही करून पाहतात’ ही ओळख मोलाची ठरू शकेल.

गावातली सामग्री

रचनेच्या शिक्षणासाठी महागडा संच लागत नाही. लागते ती अभ्यासण्याजोगी वस्तू आणि ती जाणणारा माणूस. उत्तर गोव्याच्या या पट्ट्यात दोन्ही आहेत.

डिचोली मातीच्या भांड्यांसाठी आणि पितळी समयांसाठी प्रसिद्ध आहे. कुंभाराच्या चाकाजवळ उभे राहून मुलांना अनेक प्रश्न विचारता येतात : घागरीचे पोट फुगीर आणि गळा अरुंद का? ओले भांडे थेट भट्टीत का घालत नाहीत? एकाच मातीच्या दोन पणत्या करून एक उन्हात आणि दुसरी सावलीत वाळवली, तर उन्हातली लवकर तडकण्याचा संभव असतो. पृष्ठभाग झपाट्याने सुकून आकसतो आणि आतला भाग ओलाच राहतो, हे त्याचे कारण. हा प्रयोग दुसरीतील मुलेही करू शकतात. चतुर्थीच्या आधी मूर्तिशाळांत चाललेले मातीकाम हीदेखील पाहण्याजोगी कार्यशाळा आहे.

शिगम्यातील घोडेमोडणी डिचोलीत उत्साहाने साजरी होते. नर्तकाच्या कमरेला बांधलेल्या घोड्याचा सांगाडा हलका हवा, पण नाचताना मोडता कामा नये. तो अंगाला घट्ट बसला पाहिजे, पण टोचता कामा नये. परस्परविरोधी गरजांचा मेळ घालणे हे प्रत्येक रचनाकाराचे मुख्य काम, आणि त्याचा इतका बोलका नमुना पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. नरकासुराचा सांगाडा, आकाशकंदिलाची काठ्यांची चौकट, माटोळीची लाकडी पट्ट्यांची जाळी यांतूनही भार, तोल आणि सांधे हे विषय शिकवता येतात.

पेडण्यातील कोरगावसारख्या गावांत खाजन शेती आहे. नदीच्या खारट पाण्यापासून शेताचे रक्षण करणारा बांध आणि त्यातील मानस ही गोव्याची शतकानुशतके चालत आलेली अभियांत्रिकी होय. भरतीच्या वेळी नदीचे पाणी चढते आणि त्याच्या दाबाने मानशीची दारे मिटतात. ओहोटीला नदीची पातळी उतरली की आतील पाण्याचा दाब दारे बाहेरच्या बाजूला उघडतो आणि जादा पाणी वाहून जाते. दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. हे दार तेवढ्या वेळा कोणाच्या हाताशिवाय चालते. स्वयंचलित यंत्रणा म्हणजे काय, हे चौथीच्या मुलाला सांगण्यासाठी याहून जवळचे उदाहरण नाही. प्लास्टिकच्या टबात चिकणमातीचा बांध घालून, मध्ये छोटे भोक ठेवून, त्यावर जाड प्लास्टिकचा तुकडा एका बाजूने चिकटवला की मानशीची प्रतिकृती तयार होते. एका बाजूला पाणी ओतल्यावर झडप मिटते, दुसऱ्या बाजूला ओतल्यावर उघडते. झडप कोणत्या बाजूला लावायची, यावरच सारे अवलंबून असते, हे मुलांना स्वतः शोधू द्यावे.

बांबू, चुडते, हीर, काथ्या, करवंटी, सुपारीची विरी, केळीचा सोप हे साहित्य तर फुकटच मिळते. प्रत्येकाचा गुणधर्म निराळा. बांबू उभा चिरतो, आडवा सहजी तुटत नाही. विरी ओली असताना वळते आणि सुकल्यावर तोच आकार धरून ठेवते. साहित्याचे गुण ओळखून काम निवडणे ही या विषयाची पहिली पायरी आहे.

एक नमुना उपक्रम : पावसात वही कोरडी ठेवणे

गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जून-जुलैत भिजलेली वही हा प्रत्येक मुलाचा अनुभव. तिसरी-चौथीसाठी हा प्रश्न चाळीस मिनिटांच्या सहा तासिकांत असा हाताळता येईल.

पहिल्या तासिकेत गरज नेमकी केली जाते. किती वह्या, कोणत्या आकाराच्या, किती अंतर? ‘पिशवी करा’ एवढेच सांगण्यापेक्षा ‘दोन वह्या फाटकापासून वर्गापर्यंत कोरड्या आणायच्या आहेत’ असे सांगितले की मुलांचा विचार सुरू होतो. याच तासिकेत जुनी साधनेही पाहावीत. शेतकरी लावणीच्या वेळी वापरत ते इरले डोक्यापासून पाठीच्या खालपर्यंत का पसरते? लावणी करणारा माणूस वाकलेला असतो आणि पाऊस त्याच्या पाठीवर पडतो, म्हणून. वस्तूचा आकार उपयोगातून येतो, हे सूत्र मुलांना येथे गवसते.

दुसऱ्या तासिकेत साहित्याची चाचणी घ्यावी. वर्तमानपत्र, सुती कापड, जुन्या छत्रीचे कापड, तांदळाच्या गोणीचा तुकडा आणि केळीचे पान सारख्या आकारात कापून पाच वाट्यांवर रबराने ताणून बसवावेत. प्रत्येकावर दोन चमचे पाणी घालून पाच मिनिटांनी वाटीत किती पाणी उतरले ते पाहावे. पाणी सर्वांवर सारखेच का घालायचे, या प्रश्नातून न्याय्य चाचणीची कल्पना रुजते.

तिसऱ्या तासिकेत प्रत्येक गट आराखडा काढतो : समोरून आणि बाजूने दिसणारी आकृती, सेंटिमीटरमध्ये मापे, कोणते साहित्य कोठे ते दाखवणारे बाण. शेजारच्या गटाने तो पाहून दोन प्रश्न विचारावेत. चौथी आणि पाचवी तासिका बनवण्याची. सहाव्या तासिकेत परीक्षा : पिशवीत वही ऐवजी वर्तमानपत्राची घडी ठेवून वरून तांब्याने पाणी ओतायचे, मग कागद कोठे भिजला ते पाहायचे. बहुतेक वेळा पाणी कापडातून येत नाही, शिवणीतून येते. सुईने पाडलेली भोकेच वाट देतात. ती शिवण दुमडून आतल्या बाजूला घ्यावी, की तोंडावर झाकणाची पट्टी सोडावी, हे गटांनी ठरवावे आणि वेळ असल्यास सुधारणा करावी.

इयत्तेनुसार अपेक्षा

पहिली-दुसरीत साहित्य हाताळणे, घडी घालणे, फाडणे, चिकटवणे, मातीला आकार देणे आणि ‘हे कोणासाठी?’ हा प्रश्न विचारणे पुरेसे आहे. चित्र नंतर काढले तरी चालते; या वयात अनेक मुले आधी करतात आणि मग विचार सांगतात. तिसरी-चौथीत आधी आराखडा, सेंटिमीटरमध्ये मापन, बिजागरी, चाक व कणा, तरफ आणि साधे विद्युत मंडळ येऊ शकते. साध्या कागदाची सुरळी उभी करून तिच्यावर पुस्तके रचत जाण्याचा खेळ दोन्ही गटांना चालतो. सपाट कागद आपले वजनही पेलत नाही, तोच गुंडाळल्यावर कित्येक पुस्तके तोलून धरतो.

शिक्षण हक्क कायद्यानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे एका शिक्षकापुढे दोन वा अधिक इयत्ता बसतात. इतर विषयांत ही अडचण असते. रचनेच्या तासाला मात्र तिचा लाभ करून घेता येतो. चौथीतील मूल माप घेते, दुसरीतील मूल धरून ठेवते, आणि दोघेही एकाच वस्तूवर बोलतात. आठवड्यातून एकदा सलग दोन तासिका दिल्यास काम अर्धवट राहत नाही.

सुरक्षितता

मुलांच्या हाती बोथट टोकाची कात्री आणि जाड, बोथट सुई द्यावी. कोयता, पटाशी, ब्लेड यांची कामे मोठ्यांनीच करावीत. बांबूच्या पट्ट्या आधी घासून घेतल्यास कुसळे लागत नाहीत. विजेच्या कामासाठी दीड व्होल्टचे नेहमीचे सेल पुरेत. भिंतीवरील विजेच्या जोडणीला कोणत्याही उपक्रमात हात लावू नये. खेळण्यांत असणारे बटणासारखे चपटे सेल गिळले गेल्यास अन्ननलिकेला गंभीर इजा करतात, म्हणून ते वर्गात आणूच नयेत. कामानंतर जागा झाडणे आणि हत्यारे मोजून परत ठेवणे हाही पाठाचाच भाग समजावा.

मूल्यमापन

या विषयात गुण वस्तूच्या देखणेपणाला दिले, तर घरी पालकांनी केलेली किंवा दुकानातून आणलेली तयार ‘प्रोजेक्ट’ वर्गात येऊ लागतात. त्यासाठी काम शाळेतच व्हावे आणि वहीत पहिला आराखडा जसाच्या तसा राहू द्यावा. तो खोडून नीटनेटका केला की विचार कोठे बदलला याचा पुरावाच नाहीसा होतो. शिक्षकांनी तीन प्रश्न विचारावेत : आधी काय ठरवले होते? काय बदलावे लागले? पुन्हा केल्यास काय वेगळे कराल? या उत्तरांतून मुलाची समज चकाकत्या वस्तूपेक्षा अधिक स्पष्ट दिसते.

शब्द, श्रम आणि समानता

प्रत्येक कारागिरीची स्वतःची भाषा असते. गवंड्याचा ओळंबा आणि पाणसळ, सुताराचा गुण्या, रंधा, पाचर आणि खाच हे शब्द नेमक्या वस्तूंना आणि क्रियांना बांधलेले आहेत. ते वापरणारे हात कमी झाले की शब्दही विसरले जातात. वर्गाच्या भिंतीवर अशा शब्दांची यादी लावावी. घरी कोंकणीत वेगळा शब्द असेल तर तोही शेजारी लिहावा. इयत्ता वाढेल तसे इंग्रजी पर्याय येतीलच, पण संकल्पना आधी स्वतःच्या भाषेत पक्की झालेली असेल.

कारागिरीशी आपल्या समाजात जात जोडली गेली आहे, हे नाकारून चालणार नाही. कुंभाराच्या मुलाला मातीकाम आणि इतरांना संगणक अशी वाटणी शाळेने केली, तर जुनी उतरंड नव्या नावाने टिकेल. माती, बांबू, सुई आणि तार सर्व मुलांच्या हाती आली पाहिजे. शिवणकाम मुलींना आणि दिवा जोडणे मुलांना, ही विभागणीही त्याचप्रमाणे टाळावी. गावातील कारागिराला वर्गात बोलावताना त्याला पाहुण्या शिक्षकाचा मान आणि योग्य मानधन मिळावे. आपल्या आजोबांचे काम सर्व वर्ग लक्ष देऊन पाहतो आहे, हा अनुभव एखाद्या मुलाला दीर्घकाळ पुरतो.

पुढील पावले

स्वतंत्र विषयाची वाट न पाहता आज काही गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. परिसर अभ्यासातील पाणी, घर, अन्न आणि वाहतूक या घटकांना प्रत्येकी एक रचना-प्रश्न जोडता येईल. केंद्रशाळेच्या पातळीवर शिक्षकांनी स्वतः दोन उपक्रम करून पाहिल्यास संकोच सुटतो. ज्याने पिशवी शिवताना शिवण गळलेली पाहिली आहे, तोच शिक्षक मुलांच्या फसलेल्या पिशवीकडे धीराने पाहू शकतो. पालक-शिक्षक संघाने कापड, गोण्या आणि खोकी जमवून एक साहित्यपेटी ठेवावी. वर्षातून एक दिवस मुलांनी केलेल्या वस्तू गावापुढे मांडाव्यात आणि त्यांच्याशेजारी पहिले, चुकलेले आराखडेही लावावेत.

सहावीतील रोबोटिक्सचा संच उपयुक्तच आहे. त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी मुलाने चार वर्षे माती मळलेली, बांबू वाकवलेला, झडप उलटी लावून पाहिलेली असेल, तर तो संच त्याच्या हातात एक साधन म्हणून येईल. ती चार वर्षे गावच्या प्राथमिक शाळेच्या हाती आहेत.